नकाशात नऊ मीटर, जागेवर सहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूमी अभिलेख खात्यात मी ३१ वर्षे भूकरमापक होतो. शंकू-साखळीपासून ईटीएस या इलेक्ट्रॉनिक मोजणी यंत्रापर्यंत सगळी साधने या हातांनी वापरली. एखाद्याच्या जमिनीची हद्द कायम करायची असली की आम्ही आधी लगतच्या सगळ्या खातेदारांना मोजणीची नोटीस पाठवायचो. नोटीस पोहोचल्याची पोच फाइलला नसेल, तर वरिष्ठ साहेब मोजणी रद्द धरायचे आणि आम्हाला पुन्हा पाठवायचे. हद्द ही कधीच एकट्या माणसाची नसते, ती दोघांची असते, हे त्या खात्याने मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवले.

ही जुनी गोष्ट सांगायचे कारण असे, की माझ्या घराला लागून एक इमारत उभी राहते आहे. तिचा नकाशा महापालिकेने मंजूर केला आणि त्याची मला एका ओळीनेही कल्पना दिली गेली नाही. वावभर बांध मोजायचा तर शेजाऱ्याला नोटीस, आणि त्याच शेजाऱ्याच्या खिडकीसमोर सहा मजले चढवायचे तर काही नाही. गेले आठ महिने मी या एका प्रश्नाच्या मागे आहे.

माझे घर १९९१ सालचे. तळमजला आणि वर एक खोली. पूर्वेला शेजाऱ्यांचे बैठे घर होते, मध्ये माझ्या बाजूने बांधलेली कंपाउंडची भिंत. त्यांच्याशी माझे वैर नाही, हे आधीच लिहितो. त्यांच्या मुलाला दहावीची भूमिती मी शिकवली आहे. जुने घर पाडून नवीन बांधण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. तळाला पार्किंग आणि वर नियमात बसतील तेवढे मजले त्यांनी बांधले असते, तर मी हे पत्र लिहिले नसते. माझी तक्रार आहे ती जे नियमात बसत नाही ते कागदावर बसवून देणाऱ्या मंजुरीविरुद्ध.

ऑक्टोबरमध्ये खोदकाम सुरू झाले. खड्डा माझ्या भिंतीच्या फार जवळ आला, तेव्हा मी जागेवरच्या मुकादमाला मंजूर नकाशा दाखवायला सांगितला. त्याने बिल्डरकडे बोट दाखवले, बिल्डरने वास्तुविशारदाकडे. दर्शनी पत्र्यावर इमारतीचे रंगीत चित्र होते, मंजूर नकाशा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२४ रोजी मेरठच्या एका प्रकरणात स्पष्ट आदेश दिला आहे, की बांधकाम चालू असेल तोपर्यंत मंजूर नकाशाची प्रत जागेवर लावलेली असलीच पाहिजे आणि अधिकाऱ्यांनी वेळोवेळी जागा तपासली पाहिजे. मी त्या आदेशाची प्रत घेऊन नगररचना विभागात गेलो. टेबलावरच्या कनिष्ठ अभियंत्यांनी ती वाचली, परत दिली, आणि माहितीच्या अधिकारात अर्ज करायला सांगितले.

अर्ज केला. तिसाव्या दिवशी उत्तर आले, की ही त्रयस्थ पक्षाची माहिती आहे, देता येत नाही. मी पहिले अपील केले. त्यात लिहिले, की माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येच म्हटले आहे की कार्यालयाने दिलेल्या परवान्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करायचा, आणि निर्णयाची झळ ज्याला बसते त्याला निर्णयाची कारणे सांगायची. अपील मंजूर झाले. नकाशा हातात पडला तो अर्जाच्या ९४ व्या दिवशी. तोपर्यंत पहिला स्लॅब पडून गेला होता.

त्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि सवयीप्रमाणे सर्वात आधी क्षेत्रफळाचा तक्ता पाहिला. भूखंडाचे क्षेत्र लिहिले होते ३२१ चौरस मीटर. मिळकत पत्रिकेवर ते ३१२ आहे. दुसऱ्या दिवशी मी हे दाखवले तेव्हा मला सांगण्यात आले, की अंकांची अदलाबदल झाली असेल, टायपिंगची चूक. मलाही क्षणभर तसेच वाटले. मग मी ९ चौरस मीटरचा हिशोब मांडला. आमची सामाईक हद्द १५ मीटर लांब आहे. ९ भागिले १५ म्हणजे ०.६० मीटर. मंजूर नकाशात हद्दीची रेघ माझ्या कंपाउंडच्या भिंतीच्या माझ्या बाजूला ०.६० मीटर आत ओढलेली आहे. म्हणजे ती टायपिंगची चूक नाही, तो माझ्या अंगणाचा दोन फुटांचा पट्टा आहे. मोजणीच्या ‘क’ प्रतीवर, म्हणजे भूमी अभिलेख खात्याकडून मिळणाऱ्या मोजणी नकाशावर, हद्द कुठे आहे ते स्पष्ट आहे. ती प्रत मी नोकरीत असताना नव्हे, तर साध्या अर्जदारासारखा रांगेत उभा राहून काढलेली आहे, हेही नमूद करतो.

बांधकाम परवानगीच्या प्रपत्रातच छापलेले असते, की मालकीच्या कागदावरचे क्षेत्र, मोजणी नकाशावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र यांतले जे सर्वात कमी असेल तेच धरायचे. छाननी करणाऱ्याने मिळकत पत्रिका उघडून हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले असते तरी फाइल तिथेच थांबली असती. त्यासाठी जागेवरही यावे लागले नसते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. नकाशात आमच्या घरांसमोरचा रस्ता ‘९.०० मीटर रुंद’ असा लिहिला आहे. मी आणि माझा पुतण्या पहाटे, वाहने लागण्याआधी, पोलादी टेप घेऊन बाहेर पडलो. पाच ठिकाणी मोजले. सगळ्यात रुंद जागी ६.१० मीटर भरला. १९८० च्या दशकात मंजूर झालेल्या आमच्या ले-आउटमध्येही तो ६ मीटरच आहे. ही तफावत छोटी नाही. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत किती बांधता येईल याची किल्ली रस्त्याच्या रुंदीत आहे. जुन्या दाट वस्तीबाहेर रस्ता ९ मीटरहून अरुंद असेल, तर मूळ एफएसआयच्या (भूखंडाच्या क्षेत्रावर जेवढे बांधता येते त्या प्रमाणाच्या) वर टीडीआर (दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) चढवता येत नाही. कागदावर रस्ता ९ मीटरचा झाला आणि वरचे मजले आले. उद्या त्या मजल्यांवर आग लागली, तर बंब याच ६ मीटरच्या गल्लीतून यायचा आहे, आणि गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात.

तिसरी गोष्ट जोत्याची. नकाशात आमच्या बाजूचे सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि इमारत यांच्यामध्ये मोकळी सोडायची जागा, ३.०० मीटर दाखवले आहे. त्यातले ०.६० मीटर माझेच, म्हणजे खरे अंतर २.४० मीटर. आणि प्रत्यक्षात कॉलम त्याहीपेक्षा ०.७५ मीटर पुढे आले आहेत. खऱ्या हद्दीपासून इमारतीपर्यंत मी मोजले तर १.६५ मीटर भरते. तरीही ‘जोत्यापर्यंतचे काम मंजूर नकाशाप्रमाणे आहे’ असा दाखला फाइलला लावलेला आहे. तो दाखला देणाऱ्याने टेपचे टोक कुठे धरले होते, हे मला त्याच्याकडून समजून घ्यायचे आहे. मी त्याच्या जागी असतो आणि असा दाखला दिला असता, तर माझी वेतनवाढ थांबली असती, आणि ते योग्यच झाले असते.

माझी पत्नी गेली २५ वर्षे पूर्वेच्या खिडकीशी शिवणयंत्र मांडून बसते. आता तिथे सकाळी दहा वाजता ट्यूबलाइट लावावी लागते. ती तक्रार करत नाही. यंत्र तिने पडवीत हलवले आहे. मला मात्र रोज सकाळी ते बटण दाबताना संताप येतो.

महापालिकेत मी आजवर अकरा वेळा गेलो. लेखी अर्ज चार दिले, प्रत्येकावर आवक शिक्का घेतला. एकूण उत्तर एकच: हा तुमचा आपसातला हद्दीचा वाद आहे, दिवाणी न्यायालयात जा. हे उत्तर ऐकायला समंजस वाटते, म्हणून ते तपासायला हवे. हद्दीसाठी मी दिवाणी दावा लावू शकतो. वीस वर्षांहून अधिक काळ अखंड मिळालेल्या उजेड-वाऱ्यासाठी १८८२ च्या सुखाधिकार कायद्याखालीही दाद मागू शकतो. पण ‘ही मंजुरीच चुकीची आहे’ हा प्रश्न दिवाणी न्यायालयापुढे नेला, की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चे कलम १४९ आडवे येते. नियोजन प्राधिकरणाचा, म्हणजे इथे महापालिकेचा, आदेश अंतिम, त्याला दाव्यात आव्हान देता येणार नाही, असे ते कलम म्हणते. म्हणजे ज्या न्यायालयाकडे मला पाठवले जाते, त्या न्यायालयाला या मूळ प्रश्नात हात घालता येत नाही.

मग त्याच कायद्यात अपील आहे का? आहे. कलम ४७. पण ते ‘अर्जदारा’ला आहे. परवानगी नाकारली, किंवा अटी घालून दिली, तर बांधणाऱ्याने ४० दिवसांत शासनाकडे जायचे. परवानगी द्यायला नको होती, असे म्हणणाऱ्या शेजाऱ्याचे त्या कलमात नाव नाही. मला हे वाचून खरोखर धक्का बसला. माझा जन्म या कायद्याच्या आधीचा आहे. सरकारी नोकरीत मी या कायद्याखालचे आराखडे हाताळले, आणि तरीही हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. याच कायद्यात शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून ३० दिवस हरकती-सूचना मागवतात. आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असला तरी कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना निघते. दोन किलोमीटरवरच्या आरक्षणाबद्दल माझे मत विचारणारा कायदा माझ्या भिंतीपलीकडच्या इमारतीबद्दल मला काही विचारत नाही.

उरते कलम ५१. दिलेली परवानगी मागे घेण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. पण त्यात एक अट आहे, की बांधकामाची भरीव प्रगती झाल्यावर असा आदेश काढता येत नाही. या अटीचा व्यवहारात काय अर्थ होतो, ते कृपया वाचकांनी पाहावे. नकाशा मिळायला ९४ दिवस. अर्जाला उत्तर नाही, स्मरणपत्राला उत्तर नाही. दरम्यान एकेक स्लॅब पडतो. कार्यालयाने नुसता अर्ज बाजूला ठेवला तरी कलम ५१ आपोआप हातचे जाते. वेळ काढणाऱ्याला लाभ आणि वेळेत तक्रार करणाऱ्याला तोटा, असा हा हिशोब आहे. खोटी माहिती देऊन घेतलेली परवानगी आयुक्तांना महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली रद्द करता येते, म्हणून मी माझ्या शेवटच्या अर्जात त्याच कलमाचा आधार घेतला आहे. क्षेत्रफळ आणि रस्त्याची रुंदी या दोन गोष्टी मताच्या नाहीत, मापाच्या आहेत. अर्ध्या तासात तपासून होतील.

काही मित्र म्हणतात, आता तीन मजले झाले, लोकांचे पैसे अडकले, सोडून दे. याला सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्येच उत्तर दिलेले आहे. उडुपीत कल्याण मंडप म्हणून मंजूर झालेल्या इमारतीचे चित्रपटगृह करायला तिथल्या नगरपरिषदेने परवानगी दिली होती. जवळ राहणाऱ्या एका नागरिकाने त्याला आव्हान दिले. उच्च न्यायालयाने परवानगी योजनेविरुद्ध आहे हे मान्य केले, पण मालकाचा खर्च झाला असेल म्हणून ती रद्द केली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. नियोजन योजना नागरिकांच्या हितासाठी असते, ती पाळली जावी अशी मागणी करण्याचा करदात्या रहिवाशाला कायदेशीर हक्क आहे, आणि बेकायदा मंजुरी झालेल्या खर्चामुळे कायदेशीर होत नाही, असे त्या निकालाचे सार आहे. पन्नास वर्षे झाली या निकालाला. तो प्रत्येक नगररचना कार्यालयात लावून ठेवायला हवा.

अलीकडचे उदाहरण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. नोएडाचे जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी काही सेकंदांत खाली आले. लोकांना तो स्फोट आणि धूळ आठवते. मला त्यामागचा टेप आठवतो. दोन इमारतींमध्ये १६ मीटर अंतर हवे होते, ते सुमारे ९ मीटर ठेवले होते, आणि तरी प्राधिकरणाने नकाशे मंजूर केले होते. तिथल्या जुन्या रहिवाशांनी २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात धाव घेतली, २०१४ मध्ये ते जिंकले, ३१ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडण्याचा आदेश कायम केला आणि विकासक व अधिकारी यांच्या संगनमतावर कडक ताशेरे ओढले. त्यासाठी दहा वर्षे गेली. तेही वर्गणी काढून वकील लावू शकणारी मोठी वसाहत होती म्हणून. एकट्या घराच्या मालकाने दहा वर्षे कशी काढायची? मी ६७ वर्षांचा आहे.

आणि मला निदान नकाशा वाचता येतो. मागच्या गल्लीतल्या एक बाई गेल्या महिन्यात मोबाइलवर नकाशाचा फोटो घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्याही शेजारी काम चालले आहे. फोटो अस्पष्ट होता, उत्तर दिशेची खूण कापली गेली होती, प्रमाण दिसत नव्हते. ‘यात माझे घर कुठे आहे तेवढे दाखवा’, असे त्या म्हणाल्या. नकाशात त्यांचे घर नव्हतेच. लगतच्या भूखंडाच्या जागी नुसता सिटी सर्व्हे क्रमांक होता. मी त्यांना तो क्रमांक दाखवला, तर त्यांनी त्यावर बोट ठेवून बराच वेळ पाहिले. अशा माणसांनी ९४ दिवसांचा पाठपुरावा, पहिले अपील, कलमे आणि उपकलमे कशी सांभाळायची? त्यांना कोणी विचारलेच नाही, हा त्यांच्यावरचा अन्याय माझ्यावरच्या अन्यायापेक्षा मोठा आहे.

नकाशे आता ऑनलाइन मंजूर होतात, यात वाईट काही नाही. पण संगणक नकाशात भरलेल्या आकड्यांची नियमाशी तुलना करतो. रस्ता ९ मीटर असे भरले, तर तो ९ मीटर धरूनच पुढे जातो. रस्ता खरोखर केवढा आहे हे संगणकाला माहीत नसते. समोर राहणाऱ्याला ते पाठ असते. म्हणून शेजाऱ्याला विचारणे हे उपकार नाहीत, छाननीचा तो सर्वात स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. माझ्यासारख्याला मंजुरीआधी पंधरा दिवसांची नोटीस आली असती, तर मी मिळकत पत्रिका आणि ‘क’ प्रत घेऊन दुसऱ्याच दिवशी हजर झालो असतो. शेजाऱ्यांचा नकाशा दुरुस्त झाला असता. आज त्यांनीही कर्ज काढून उभे केलेले मजले टांगणीला लागले नसते.

शासनाकडे माझे मागणे एवढेच आहे. मोजणीला जशी नोटीस जाते तशी नोटीस बांधकाम नकाशा मंजूर करण्याआधी लगतच्या मिळकतधारकांना जावी, आणि तिची पोच नसेल तर मंजुरी देऊ नये. कलम ४७ मध्ये ‘अर्जदार’ या शब्दासोबत ‘लगतचा मिळकतधारक’ हे शब्द यावेत, आणि त्याचे ४० दिवस त्याला नकाशाची प्रत मिळाल्यापासून मोजावेत. लेखी हरकत दाखल असेल, तर तिच्यावर निर्णय होईपर्यंत पुढचा मजला चढू नये. खोट्या हरकती येतील, शेजारी शेजाऱ्याला अडवतील, असे कोणी म्हणेल. येतील. मोजणीतही येत होत्या. आम्ही त्या ऐकून घ्यायचो, पंचनाम्यात लिहायचो आणि नकाशाप्रमाणे खुणा करायचो. हरकत घेणाऱ्याचा नुसता आवाज मोठा असल्याने कधी हद्द सरकली नाही.

आयुक्तांकडे दिलेल्या माझ्या अर्जाला आज ४१ दिवस झाले. त्यात मी लिहिले आहे, की कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळी, एक अधिकारी टेप घेऊन पाठवा. टेपचे दुसरे टोक धरायला मी उभा राहीन, आणि शेजाऱ्यांनाही समोर बोलवा. उत्तर आलेले नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका दाखल करण्यासाठी मी वकिलांकडे कागद दिले आहेत. काल संध्याकाळी चौथ्या मजल्याच्या सेंटरिंगचे पत्रे ट्रकमधून उतरले.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)